पाठमोरी मोजणी

बाईंनी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली आणि त्या एकतीस वर्षांत एकदाही माणसं कानांनी मोजली नाहीत. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत चालत जायचं, एकेक डोकं डोळ्यांनी टिपायचं, झोपलेल्याच्या खांद्याला हात लावायचा, आणि मगच घंटेची दोरी ओढायची. "सगळे चढले का हो?" असं विचारून गाडी सोडणाऱ्या कंडक्टरांबद्दल त्यांचं मत फारच वाईट होतं. "सगळे चढले का म्हणे! जो चढलाच नाही तो काय खालून ओरडणार आहे, की मी राहिलो म्हणून?" असं त्या नव्या भरतीतल्या मुलींना सुनावायच्या.

अशी ही बाई. आणि जे झालं ते हिच्याच हातून झालं. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

लहानपणी बाई वर्षातले अकरा महिने कारखान्यामागच्या दोन खोल्यांत काढायच्या. तिथं खिडकी उघडली की काजळी आत यायची, म्हणून खिडकी बंदच. बारावा महिना मात्र समुद्रावर. मामा तिथल्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होते आणि वाळूच्या काठावर त्यांचं चार खोल्यांचं कौलारू घर होतं. मामा-मामींना मूल नव्हतं. पण सुट्टी लागली रे लागली, की नणंदांची, दिरांची मिळून नऊ पोरं मामीच्या अंगणात येऊन आदळायची. महिनाभर पायात चप्पल नाही, केसांना फणी नाही, अंगावर सगळीकडे मीठ. जेवायला हाक मारली की यायचं, नाहीतर तुमचं तुम्ही बघा.

अगदीच मोकाट सोडलं होतं असं नाही हं. मामीची मोजणी असायची. मामी दिवसभर स्वयंपाकघरात, ओट्याशी, पाठ समुद्राकडे. दर दोन तासांनी हातातलं काम न टाकता, मान न वळवता ती एकच आरोळी ठोकायची, "मोजाऽऽ!" आणि पोरं असतील तिथून, झाडावरून, पाण्यातून, वाळूच्या खड्ड्यातून वयाच्या क्रमानं ओरडायची. एक! दोन! तीन! नऊ ऐकू आलं की मामी पुन्हा पिठाकडे वळायची.

मामीला जे ठाऊक नव्हतं ते असं. बाई चार नंबर, त्यांचा धाकटा भाऊ सहा नंबर, आणि दोघं आवाज काढण्यात पटाईत. एकानं पळायचं आणि दुसऱ्यानं त्याचाही नंबर द्यायचा, असा करार होता. खाडीपलीकडे कुणीतरी एक होडी बांधत होतं. तिच्या अर्ध्या सांगाड्यात आडवं पडून फळ्यांमधून आभाळ बघायचं आणि लांबून ऐकू येणाऱ्या मोजणीला पोट धरून हसायचं, यासारखं सुख बाईंना पुढं आयुष्यात मिळालं नाही. खरंच नाही मिळालं. लग्न झालं, नवरा सहा वर्षांत गेला, एक मुलगा पदरात. पहाटेची पाळी, दुपारची पाळी, शेजारणीकडे ठेवलेला मुलगा आणि सुजलेले पाय. त्या सगळ्या वर्षांत बाई गर्दीत दांडीला टेकून उभ्या राहायच्या आणि मनानं त्या होडीत जाऊन पडायच्या.

म्हणून निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी काय केलं? ते घर शोधून काढलं. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घर कधीच विकलं गेलं होतं, आता सुट्टीपुरतं भाड्यानं मिळत होतं. बाईंनी ते महिनाभरासाठी घेतलं, आपली आणि धाकट्याची मिळून सात नातवंडं गोळा केली, त्र्याऐंशीच्या मामीलाही तिच्या पुतण्याकडून उचलून आणलं आणि जाहीर केलं, "सगळं तसंच! जसंच्या तसं!" मग दर वर्षी सुट्टीत तेच. चपला कपाटात, मोठ्यांचे फोन कपाटात, गावात जाताना तेवढे बाहेर, झोपायला जमिनीवर एका ओळीत पथाऱ्या. आणि मोजणी. पाठ समुद्राकडे करून, हातातलं न टाकता. मामी ओसरीवर खुर्चीत बसून ती मोजणी ऐकायची आणि सुखानं मान हलवायची. कानानं जराशी जड झाली होती, पण आकडे बरोबर पकडायची. "नऊ पोरं सांभाळली दर वर्षी," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "एकाला खरचटूसुद्धा दिलं नाही."

एका माणसाला हे सगळं पहिल्यापासून पसंत नव्हतं. सुनेला. सून औषधांच्या दुकानात काम करायची. बाटलीवरचं लेबल तीनदा वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात बाटली द्यायची नाही, असा स्वभाव. तिची मुलगी सगळ्यांत धाकटी, साडेसहा वर्षांची, म्हणून सात नंबर. खेळात तिला कायम लिंबूटिंबू ठेवायचे, त्यावरून नावच पडलं होतं लिंबू.

"आई, पाठ करून कशाला मोजायचं पण?" सून म्हणाली होती. "वळून बघा ना."

"वळून बघितलं की पोरांना पहारा वाटतो गं. आमच्यावर कुणी पहारा नव्हता ठेवला. काय वाईट झालं आमचं?"

पहिली दोन वर्षं सून मुलीच्या मागेमागेच राहिली. तिसऱ्या वर्षी, त्या दिवशी, नवऱ्याबरोबर मोठ्या गावात सामान आणायला जायचं ठरलं, तेव्हा ती दारात दोनदा थांबली. लिंबूला न्यावं की नाही, तिचं ठरेना.

"जा गं तू," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं माणसंच सांभाळली आहेत मी. एक लिंबू जड होणार आहे का मला?"

"तुमच्या हवाली करून जातेय," सून म्हणाली. हसून नाही म्हणाली.

दुपारी जेवणं झाली. तीन वाजता बाई मासे साफ करत होत्या. "मोजाऽऽ!" एक, दोन, तीन, चार, पाच, सहा आणि बारीक आवाजात सात. "गाडी भरली!" बाई ओरडल्या. हे त्यांनी मामीच्या मोजणीला जोडलेलं स्वतःचं शेपूट. पाच वाजता परत तेच. सात झाले, गाडी भरली, आणि बाईंनी कलिंगड कापायला घेतलं. नेमक्या सात फोडी केल्या, ताट अंगणात नेलं, पोरं तुटून पडली.

एक फोड उरली.

सात पोरांच्या घरात कलिंगडाची फोड उरत नसते हो. बाई ताटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नोकरीत केलं असतं ते केलं. एकेका डोक्याला बोट लावत गेल्या. सहाच होती.

"लिंबू कुठंय?"

सगळ्यांच्या नजरा धाकट्याच्या थोरल्या नातीकडे वळल्या. अकरा वर्षांची ती, प्रत्येक गोष्टीत वाद घालायची, म्हणून तिला घरात वकील म्हणायचे. वकिलाच्या हातातली फोड तोंडापाशी थांबली होती.

"आजी, तू ओरडणार नसशील तर सांगते."

"बोल."

"ती होडी बघायला गेली."

"कुठली होडी?"

"तुझी. खाडीपलीकडची."

"आत्ता गेली? आत्ता तर सात म्हणाली ती!"

"ते मी म्हटलं."

"आणि तीन वाजता?"

"तेव्हापण मीच." वाद सोडील तर ती वकील कसली. "तूच सांगितलंस ना कसं करायचं ते! आवाज घशातून नाही, नाकातून काढायचा, म्हणालीस. तू सांगितलंस तेव्हा सगळे किती हसलो!"

म्हणजे पोर जेवल्याजेवल्या गेली होती. साडेतीन-चार तास. ओसरीवरून मामीनं विचारलं, "काय गं, काय झालं?" तर बाईंच्या तोंडून सवयीनं निघालं, "काही नाही, मामी." धाकटा भाऊ खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला होता. त्याला त्यांनी दंडाला धरून उठवलं.

"फोन काढ कपाटातून. माझ्या पोराला सांग गाडी पुलावरून खाडीच्या पलीकडे घाल, इकडे येऊच नको. आणि या सहांना घेऊन बस. मोजत बसू नकोस, हात धरून बस!"

"ताई, भरती आहे आता," धाकटा म्हणाला.

"मला माहीत नाही का?" बाई त्याच्यावर खेकसल्या आणि पळाल्या.

माहीत होतं ना. सगळं माहीत होतं, तेच तर दुखत होतं. खाडीचं तोंड घरापासून दहा मिनिटांवर. ओहोटीला तिथं घोट्याएवढं पाणी, भरतीला पुरुषभर. पोरांना गोष्ट सांगताना बाईंनी घोट्याएवढंच पाणी ठेवलं होतं. एकदा दोन मोजण्यांच्या मध्ये दोघंही गेली होती, तेव्हा परतताना सहा नंबरचा पाय वाळूवरून सुटला होता आणि चार नंबरनं त्याला केसांना धरून ओढलं होतं, रात्रभर दोघं एका पांघरुणात कापत होती, हे गोष्टीत नव्हतं. ते बाई स्वतःलासुद्धा सांगत नसत. गोष्ट कशी, हसतखेळत हवी! होडी, आभाळ आणि लांबून येणारी मामीची आरोळी. खाडी अशी गाळून टाकली होती, जशी काही ती तिथं नव्हतीच.

एकसष्टाव्या वर्षी वाळूत पळणं म्हणजे काय ते पळणाऱ्यालाच ठाऊक. पाय रुतत होते, छाती भात्यासारखी चालली होती. वाळूवर माणसं नव्हती, नुसता वारा, घराकडून खाडीकडे जाणारा, पाठीत ढकलणारा. खाडीच्या काठाशी ओल्या पट्टीत त्यांना इवल्या पावलांचे ठसे दिसले. सरळ पाण्यात गेले होते. परत आलेला एकही ठसा नव्हता.

पाणी आत घुसत होतं, गढूळ आणि घाईघाईनं, मधोमध त्याला पीळ पडत होता. पलीकडच्या काठावर जाळ्यांचे ढीग, उलट्या घातलेल्या दोन नावा, एक बंद शेड. माणूस नाही. बाईंनी डोळ्यांवर हात धरून एकेक ढीग पाहिला. काहीच हलेना. "लिंबूऽऽ!" त्या ओरडल्या. दोनदा, तीनदा. उत्तर नाही. मग काय सुचलं कोण जाणे, सुचलं असं नव्हेच, तोंडातून निघालं.

"मोजाऽऽ!"

आणि पलीकडून, जाळ्यांच्या मागून, झोपेतला बारीक आवाज आला, "सात!"

बाई मटकन खाली बसल्या. देवा, आहे! पोर आहे! पण हा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच लिंबू ढिगामागून डोळे चोळत बाहेर आली, आजीला बघून हसली आणि चालायला लागली. सरळ. पाण्याकडे. झोपेतून उठलेलं पोर, मधलं पाणी विसरूनच गेलं. नंबर दिला आणि आजी न्यायला आली, एवढंच तिला कळलं.

"थांब! येऊ नकोस! तिथंच थांब!"

पाण्याशी आल्यावर त्याच्या आवाजात लिंबूला शब्द लागेनात, नुसती आजी हातवारे करताना दिसली. आजी बोलावतेय असं वाटून तिनं पावलं उचलली. घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत. "मागे जा!" बाई जिवाच्या आकांतानं किंचाळत होत्या आणि तोवर स्वतः पाण्यात उतरल्या होत्या. कमरेपर्यंत आल्या. पाणी बाजूला लोटत होतं. हलत्या बसमध्ये हात सोडून उभं राहायची सवय एवढीच काय ती जमेला. लिंबू कमरेपर्यंत आली आणि तिच्या तोंडावरचं हसू गेलं. तिनं मागे वळायचा प्रयत्न केला तशी एका बाजूला कलंडली.

बाईंच्या पायाखालची वाळू सरली. त्या पोहल्या. चाळीस वर्षं पोहल्या नव्हत्या. पोहल्या कसल्या, हातपाय मारले, खारट पाणी गिळलं, डोळे उघडले तेव्हा एक लाल सदरा पाण्याखाली सरकताना दिसला. त्यांनी हात घातला. कापड निसटलं. परत घातला. या खेपेला केस हातात आले आणि ते त्यांनी सोडले नाहीत. पोर ओढून, पोर छातीवर घेऊन, पाठीवर पडून, कशा पलीकडे लागल्या ते पुढे कधी त्यांना नीट सांगता आलं नाही. पाठ वाळूला घासली तेव्हा कळलं की काठ आला.

लिंबू खोकली, ओकली, रडली. मग बऱ्याच वेळानं आजीच्या ओल्या कुशीत तोंड घालून म्हणाली, "आजी, इथं होडी नव्हतीच."

"नाही गं बाळा. नव्हती."

"मग पाणी खूप आलं. मला परत नाही येता आलं. मी बसून राहिले."

"शहाणं माझं बाळ ते."

"मी नंबर दिला होता ना," लिंबू म्हणाली, जराशी तक्रारीनं. "दोनदा दिला. तू ओरडलीस की मी मोठ्ठ्यानं सात म्हणायचे. मग तू गाडी भरली म्हणायचीस. पण तू आलीच नाहीस."

वारा घराकडून इकडे. त्यांची आरोळी इथवर पोचत होती आणि पोरीचा आवाज तिथवर पोचत नव्हता. एवढंसं पोर समोरच्या पाण्याकडे बघत, घशाच्या शिरा ताणून, खरं उत्तर देत होतं, आणि बाई तिकडे पाठ करून मासे साफ करत होत्या. असं काही झालं की माणसानं रडावं. बाईंना रडूही आलं नाही. त्या पोरीला घट्ट धरून नुसत्या पुढेमागे हलत राहिल्या.

गाडी पुलावरून वळसा घालून आली तेव्हा उन्हं कलली होती. सून गाडी थांबायच्या आतच उतरली. तिनं लिंबूला घेतलं, तिचं डोकं, कान, मान, हात, बोटं, एकेक चाचपून पाहिलं, आपल्या ओढणीत गुंडाळलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. बाईंकडे तिनं पाहिलंही नाही. सबंध वाटेत गाडीत कुणी शब्द बोललं नाही. बाईंना वाटत होतं, ओरड गं बाई, काय वाट्टेल ते बोल, पण बोल.

घरी येऊन सुनेनं लिंबूला कोरडे कपडे घातले, दूध पाजलं, आणि तिला कडेवरून खाली न ठेवता एका हातानं बॅग भरायला घेतली. मुलगा दाराशी उभा राहून आईकडे बघत होता आणि बायकोकडे बघत होता. वकील कोपऱ्यात रडून रडून लाल झाली होती. बॅग बंद करून सून तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुला हे कुणी शिकवलं?"

वकिलानं बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वाद घातला नाही. पोर सगळं स्वतःवर घेणार होती.

"मी शिकवलं," बाई म्हणाल्या.

"काय शिकवलं?" मामी ओसरीवरून काठी टेकत आत आली होती. "मला कुणी सांगणार आहे का, घरात काय चाललंय? कुणी काय शिकवलं?"

"मामी, एकाच्या ऐवजी दुसऱ्यानं नंबर द्यायचा. मोजणीत. ते मी पोरांना सांगितलं."

"हे असलं तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. आम्हीच. तेव्हा."

"तेव्हा म्हणजे?"

धाकट्यानं हळूच आपली खुर्ची भिंतीकडे सरकवली. बाई म्हणाल्या, "तेव्हा म्हणजे तेव्हाच. इथं. तुझ्याकडे."

बाईंना वाटलं, ऐकू गेलं नाही. मग मामी म्हणाली, "किती वेळा?"

"जाऊ दे ना मामी, आता काय त्याचं—"

"किती वेळा?"

"जवळजवळ रोज."

मामीनं काठी टेबलाला टेकवून ठेवली. दोन पावलं पुढे आली, हात मागे नेला आणि बाईंच्या कानशिलात ठेवून दिली. पंचाऐंशी वर्षांचा वाळका हात, त्यात जोर तो किती असणार! पण खोलीत आवाज झाला.

"दर आठवड्याला पत्रं लिहायची मी तुमच्या आयांना," मामी म्हणाली. "नऊच्या नऊ सुखरूप आहेत म्हणून लिहायची. मला मूल नाही, माझ्या हाती पोरं देऊ नका, म्हणायचे सगळे. मी म्हणायची, मोजून देते, मोजून घेते. आणि तुम्ही... रोज?"

"चुकलं, मामी," बाई म्हणाल्या. एकसष्ट वर्षांच्या, निवृत्त, एकेका डोक्याला बोट लावून माणसं मोजणाऱ्या बाई. गालावर हातसुद्धा नेला नाही त्यांनी. "चुकलं माझं."

सून लिंबूला कडेवर घेऊन पाहत होती. इतक्या वेळानं तिनं तोंड उघडलं. "आजी," ती मामीला म्हणाली, दात आवळून, "अजून एक द्या. माझ्यातर्फे."

मामीनं तिच्याकडे वळून पाहिलं. मग हात पुढे करून लिंबूला तिच्या कडेवरून घेतलं. ओझं पेलवेना, तशी पोरीला घेऊनच खुर्चीत बसली.

"तुझी तू मार," मामी म्हणाली. "माझी माझ्यापुरती होती."

सुनेचे दोन्ही हात आता रिकामे होते. ती बाईंसमोर येऊन उभी राहिली. तिनं हात उचलला, आणि तो बाईंच्या अजून ओल्या असलेल्या खांद्यावर येऊन पडला, तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.